पेब नावाची फाईल

एज ऑफ एम्पायर्स हा खेळ मला ज्यांनी खऱ्या अर्थाने शिकवला, त्या अण्णांनी कधी माऊस हातात धरला नाही. नेरळ-माथेरान मिनी ट्रेनच्या लाईनवर ते गँगमन होते, शेवटची काही वर्षं मुकादम. निवृत्तीनंतर त्यांच्या मुलाने स्टेशनकडून बाजारपेठेत शिरताना लागणाऱ्या एका गाळ्यात सायबर कॅफे काढला आणि गल्ल्यावर अण्णांना बसवलं. मुलगा दिवसभर कल्याणला नोकरीला, संध्याकाळच्या कर्जत लोकलने परत. तोवर सगळा कारभार अण्णांकडे. एक लांब वही, त्यात नाव, मशीन नंबर, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ. तासाला वीस रुपये. आम्हा सगळ्या शाळकरी पोरांना ते अण्णाच होते. ते कुणाचे सख्खे काका, कुणाचे शेजारी, माझे तर कुणीच नव्हते, आणि म्हणूनच हे लिहिणं मला जास्त गरजेचं वाटतं.

काळ २००५च्या पावसानंतरचा. २६ जुलैला आभाळ फाटलं, उल्हास नदी पात्र सोडून बाहेर आली आणि माथेरानच्या डोंगरात मिनी ट्रेनच्या रुळांखालची माती जागोजाग वाहून गेली. काही ठिकाणी रूळ तसेच हवेत लोंबकळत राहिले होते. गाडी बंद पडली ती दीड वर्षाहून जास्त. अण्णा तेव्हा नोकरीत नव्हते, पण दर दोन-चार दिवसांनी सकाळी लाईनवरच्या जुम्मापट्टीपर्यंत चालत जाऊन काम कुठवर आलं ते बघून यायचे. गल्ल्यावर बसले की त्यांच्या चपलांना लाल माती असायची.

आम्ही खेळायचो तो एज ऑफ एम्पायर्सचा दुसरा भाग. एन्सेम्बल स्टुडिओजने तो १९९९ साली काढला आणि पुढच्या वर्षी 'द कॉन्करर्स' ही त्याची पुरवणी आली. कॅफेतल्या प्रत्येक मशीनवर हीच पुरवणी टाकलेली. तीन गावकरी, एक टेहळणीचा घोडेस्वार, एक टाउन सेंटर, दोनशे अन्न, दोनशे लाकूड, शंभर सोनं, दोनशे दगड, एवढ्यावर संसार सुरू करायचा आणि समोरच्याचं राज्य बुडवायचं. नकाशा दरवेळी नवा असतो, संगणक तो तिथल्या तिथे घडवतो. आम्ही बहुतेक वेळा 'अरेबिया' नावाचा नकाशा घ्यायचो. मोकळं माळरान, पाणी नाही, लपायला फार जागा नाही.

या नकाशाची गंमत अशी की वाटणी सगळ्यांना जवळपास सारखीच मिळते. प्रत्येकाच्या वाट्याला मेंढ्या, दोन रानडुकरं, हरणं, बोरांसारखी झुडपं, सोन्याची खाण, दगडाची खाण. फरक पडतो तो जागेचा. एकाचं सोनं घराच्या पाठीमागे, सुरक्षित. दुसऱ्याचं अगदी पुढ्यात, शत्रूच्या वाटेवर. एकाला दाट जंगल हाताशी, दुसऱ्याला चार-चार झाडांचे तुकडे. एकाचं टाउन सेंटर उंचावर, दुसऱ्याचं खोलगटात. माणसं आणि माल मोजला तर दोघेही बरोबरीचे, पण ज्याची जागा वाईट त्याला पहिल्या दहा मिनिटांतच कळतं की आपलं काही खरं नाही.

अशा वेळी आमच्या सगळ्यांचा एकच उपाय होता. "मॅप भंगार आलाय, नवीन लाव." बाहेर पडायचं, नवा नकाशा मागायचा, तो आवडला नाही तर आणखी एक. चांगली जागा मिळेपर्यंत हेच. तासातली पंधरा-वीस मिनिटं यातच जायची आणि पैसे मात्र पूर्ण तासाचे.

अण्णांच्या लक्षात हे कानांनी आलं असावं. खेळ सुरू होताना जो आवाज येतो तो त्यांना पुन्हा पुन्हा ऐकू यायचा. एके दिवशी ते उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"परत काय झालं?"

"मॅप भंगार आलाय, अण्णा."

"म्हणजे काय आलंय?"

मी दाखवलं. सोनं पुढे, उघड्यावर. लाकूड दोन बाजूंना विखुरलेलं. एक रानडुक्कर इतकं लांब की त्याला टाउन सेंटरपर्यंत ओढत आणताना गावकरी मरायचा. समोर शत्रू संगणक, 'हार्ड'वर लावलेला. अण्णा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग पडद्यावर बोट ठेवून त्यांनी जे विचारलं ते माझ्या आजवर डोक्यातही आलं नव्हतं.

"इथं चढ आहे ना?"

सोन्याच्या अलीकडे जमिनीचा रंग जरा उजळ होता, कडेला गडद. उंचवटा होता खरा. मी त्याला आजवर नुसती सजावट समजत होतो.

"वरून मारलं तर जास्त लागतं का?"

शेजारच्या मशीनवरचा एक मोठा मुलगा म्हणाला, लागतं. पुढे मला आकडा कळला: उंचावरून मारलेला घाव पंचवीस टक्के जास्त बसतो, खालून वर मारलेला पंचवीस टक्के कमी. अण्णांना आकड्याशी देणंघेणं नव्हतं. दोन फुटी गेज, वीस फुटांना एक फूट असा चढ आणि प्रत्येक डब्यावर ब्रेक मारायला वेगळा माणूस, अशा लाईनवर त्यांची हयात गेली होती. जमीन कुठे कलते हे त्यांना डोळ्यांआधी पायांना कळायचं, आणि पडद्यावरची जमीनही ते त्याच पायांनी वाचत होते.

"हा मॅप राहू दे," ते म्हणाले. "सेव्ह करून ठेव."

फाईलला काहीतरी नाव द्यायचं होतं. तो उंचवटा एका बाजूने कातरलेला होता, आमच्या नेरळच्या डोक्यावर उभ्या असलेल्या पेबच्या किल्ल्यासारखा. आम्ही फाईलचं नाव ठेवलं 'पेब'.

पुढचे कित्येक महिने मी तीच फाईल उघडत राहिलो. हरलो की पुन्हा तीच. अण्णांची पहिली अट: नुसता घोडेस्वार फिरवायचा आणि काय कुठे आहे ते कागदावर मांडायचं. पावसाळ्यात माथेरानची गाडी बंद असायची. पाऊस संपला की पहिली गाडी सोडायच्या आधी गँगने नेरळपासून वरपर्यंत अख्खी एकवीस किलोमीटरची लाईन पायी चालून बघायची, ही त्यांच्या खात्याची रीत. कुठे दरड सैल झालीय, कुठे मोरी तुंबलीय, कुठल्या वळणावर खडी सरकलीय. "गाडी चालवणाऱ्याला ते बघायला वेळ नसतो. त्याच्या आधी कुणीतरी चालून आलेलं असावं लागतं." माझ्यासाठी तो चालून येणारा म्हणजे टेहळणीचा घोडेस्वार. मी त्याला आजवर शत्रूच्या घराकडे पिटाळायचो आणि गमावून बसायचो. त्या खेळात मेंढ्या ज्याच्या नजरेला आधी पडतात त्याच्या होतात, एवढी साधी गोष्टही मला घोडेस्वार हळूहळू, वर्तुळं मोठी करत फिरवायला लागल्यावर नीट कळली.

वहीच्या मागच्या पानावर अण्णांनी स्वतः तो नकाशा काढला. बॉलपेनने आधी एक तिरका चौकोन, कारण पडद्यावर नकाशा तसाच दिसतो. मधोमध एक गोल, ते घर. सोन्याला फुली, दगडाला चौकोन, झाडांना उभ्या रेघा. उतार दाखवायला त्यांनी आखलेल्या बारीक तिरप्या रेघा मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. जिथे चढ जास्त तिथे रेघा दाट, जिथे कमी तिथे विरळ. ही पद्धत त्यांना कुणी शिकवली होती की त्यांची त्यांनी शोधली होती, मी कधी विचारलं नाही. पानाच्या उलट बाजूला कुणाच्या तरी दोन तासांचा हिशोब होता, त्याची शाई या बाजूला उमटलेली.

कागदावर बघितल्यावर पेबचा गुंता जरा सुटा झाला. सोनं हातचं गेलं असं धरून चालायचं. मग सोन्याशिवाय काय काय होतं? भालेवाल्याला पस्तीस अन्न आणि पंचवीस लाकूड लागतं. भालाफेक्याला पंचवीस अन्न, पस्तीस लाकूड. दोघांनाही सोन्याचा कण लागत नाही. भालेवाला घोडेस्वाराला थोपवतो, भालाफेक्या धनुर्धाऱ्याला. आम्ही पोरं या दोघांना कचरा समजायचो, कारण आम्हाला सरदार हवे असायचे, चकचकीत चिलखतातले. एका सरदाराला पंच्याहत्तर सोनं लागतं.

आणि बाजार. आमच्यातलं कुणीच बाजार बांधत नसे. पण सुरुवातीला शंभर लाकूड विकलं की सत्तर सोनं मिळतं. दुसऱ्यांदा विकलं की भाव थोडा उतरतो, तरी सत्तरच्या जवळपास. कॅसल एज या पुढच्या युगात जायला आठशे अन्न आणि दोनशे सोनं लागतं. शंभर सोनं मुळात असतंच. म्हणजे दोनदा लाकूड विकलं की खाणीला हात न लावता पुढच्या युगात पोचता येतं. शिवाय त्या युगात जायला आधीच्या युगातल्या दोन इमारती उभ्या असाव्या लागतात, आणि बाजार ही त्यातली एक. लोहारशाळा दुसरी. हे गणित जमलं त्या दिवशी मी गल्ल्यापाशी जाऊन अण्णांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाजार असतोच त्यासाठी. आपल्या गावात काय भात सोडून दुसरं पिकतं? तरी सगळं मिळतंच की."

उरला तो उंचवटा. सुरुवातीच्या दोनशे दगडांत एकच बुरूज होतो, त्याला एकशे पंचवीस लागतात. बाकी सगळे टाउन सेंटरपाशी बुरूज बांधतात. अण्णा म्हणाले, वर बांध. मी बांधला. बुरुजातून खालचं सोनं दिसत होतं. शत्रूचे लोक तिथे खणायला आले की वरून बाण. ते सोनं माझ्या हाती लगेच आलं नाही, पण त्यालाही मिळेना.

उंबरखिंडीची गोष्ट त्यांनी याच काळात सांगितली. शाळेच्या पुस्तकात ती आम्ही वाचलेली होती, पण अण्णांची सासुरवाडी खोपोलीकडची, त्यामुळे चावणी गावाजवळची ती खिंड त्यांच्या पायाखालची. २ फेब्रुवारी १६६१. शाहिस्तेखानाने पुण्याहून कारतलबखानाला कोकणात धाडलं. फौज मोठी, सामान भरपूर, बरोबर सरदारीण रायबागन. घाट उतरून ती सगळी फौज अंबा नदीच्या खोऱ्यात, दोन्ही बाजूंनी झाडी आणि डोंगर असलेल्या चिंचोळ्या वाटेत शिरली. शिवाजी महाराजांची माणसं आधीच वर होती. पुढची वाट बंद, मागची बंद, पाणी नाही. शेवटी खान शरण आला, खंडणी आणि सामान ठेवून परत गेला. अण्णा ही गोष्ट सांगताना कुणाचा जयजयकार करत नसत. ते फक्त खिंड सांगायचे. ओढा कुठे वळतो, कुठून वर चढता येतं, कुठे घोडा चालत नाही. कुणाकडे किती माणसं होती हे त्यांना आठवत नसे, पण उन्हाळ्यात त्या ओढ्याला पाणी कुठपर्यंत राहतं हे पक्कं माहीत होतं. मला आजही वाटतं की आमच्या भागात इतिहास शिकवायचा तर आधी पोरांना त्या खिंडीत उतरवावं आणि मग पुस्तक उघडावं.

त्या वर्षांत भारनियमन जबर होतं. खेळ रंगात आला की दिवे जायचे. कॅफेत यूपीएस होता, पण तो मशीन नीट बंद करण्यापुरताच. "सेव्ह कर, सेव्ह कर," म्हणून आरडाओरडा व्हायचा आणि मग अंधार. आमच्याच तालुक्यात भिवपुरीला टाटांचं वीजघर १९२२ पासून चालू आहे, शेजारी खोपोलीला १९१५ पासून. त्यांच्या तारा आमच्या शेतांवरून मुंबईला जातात. याच पट्ट्यात १९४२ साली भाई कोतवालांच्या 'आझाद दस्ता' या क्रांतिकारी गटाने विजेचे मनोरे पाडले होते. अण्णांच्या वडिलांच्या पिढीने ते दिवस पाहिले होते आणि अण्णांना भाईंचं नाव घेताना आवाज खाली करायची सवय होती. दिवे गेले की ते वहीत वेळ लिहायचे आणि आले की पुन्हा लिहायचे. अंधारातल्या मिनिटांचे पैसे त्यांनी कुणाकडून घेतले नाहीत. आणि त्याच अंधारात, मेणबत्तीच्या उजेडात, पेबच्या नकाशावर आमचं बोलणं चालायचं. माझा खेळ जेवढा पडद्यासमोर सुधारला, तेवढाच त्या मेणबत्तीसमोर.

हळूहळू पेबला बाकीची पोरंही लागली. पण कुणाला मंगोल हवे असायचे, कुणाला इराणी. फाईल एकाच राज्याची होती, म्हणून पोरांनी आपापल्या मशीनवर तसेच वाईट नकाशे शोधून सेव्ह करायला सुरुवात केली. एकाचं नाव 'सोंडाई', एकाचं 'इर्शाळ', एकाचं 'कोथळीगड'. आमच्या आसपासचे सगळे किल्ले त्या यादीत आले. "नवीन लाव" हे वाक्य कॅफेत कमी ऐकू यायला लागलं. ही गोष्ट नेरळच्या बाहेर कुणाला महत्त्वाची वाटणार नाही, पण मला त्या यादीचा अभिमान आहे.

५ मार्च २००७ला मिनी ट्रेन पुन्हा सुरू झाली. अण्णा गाडीत बसले नाहीत. जुम्मापट्टीच्या अलीकडे एका वळणावर, जिथे सगळा भराव नव्याने घातला होता, तिथे आम्हा दोघा-तिघांना घेऊन ते उभे राहिले. गाडी आली, वळणावर सावकाश वाकली आणि निघून गेली. अण्णा खाली बसून रुळाच्या बाजूची खडी बघत होते, ती हलली का ते. मग म्हणाले, "चांगलं काम केलंय." ज्या गँगने ते काम केलं त्यातला एकही माणूस तिथे हजर नव्हता. तरी ते मोठ्याने म्हणाले.

पेब मी कधी जिंकलो हे सांगायला हवं. दहावीच्या आधीच्या सुट्टीत. सोन्याची खाण माझ्या हाती आली ती फार उशिरा, तोवर मी लाकूड विकून विकून भाव पार खाली आणला होता. शत्रूचे सरदार माझ्या शेतांवर चालून यायचे आणि माझे साधे भालेवाले बांधावर उभे राहून त्यांना परतवायचे. इतके कमी भालेवाले इतक्या सरदारांना कसे पुरतात, याचं मला तेव्हाही नवल वाटायचं. मी अण्णांना हाक मारली. ते आले, पडद्यावरची अक्षरं त्यांनी मला वाचून दाखवायला सांगितली आणि वहीत माझ्या नावापुढे उठल्याची वेळ लिहिली.

कॅफे पुढे बंद झाला. सगळ्यांच्या खिशात फोन आले. माझी काही उधारी वहीत राहिली होती, ती मी नोकरीला लागल्यावर द्यायला गेलो. मला वाटलं होतं अण्णा हसून नको म्हणतील. त्यांनी वही काढली, बेरीज केली, पैसे मोजून घेतले आणि 'जमा' असं लिहून खाली तारीख टाकली. "धंदा पोराचा होता, माझा नव्हता." पैशाचं देणं अशा रीतीने फिटलं आणि मला त्याचं फार बरं वाटलं. त्यामुळे बाकीचं देणं वेगळं, स्वच्छ दिसायला लागलं.

२०१९ साली खेळाची नवी आवृत्ती आली. चित्रं अधिक नेटकी, राज्यं कितीतरी वाढलेली. २०२२ मध्ये त्यात द्रविड, बंगाली, गुर्जर अशी आपल्याकडची राज्यंही आली. या खेळात नकाशा हाताने बनवायची सोय पहिल्यापासून आहे. मूळ फाईल कॅफेच्या हार्ड डिस्कबरोबर गेली होती, म्हणून मी पेब आठवणीतून पुन्हा बांधायचं ठरवलं. सोनं, दगड, झाडांचे तुकडे, लांबचं रानडुक्कर. मिनी ट्रेन २०१९च्या पावसाने पुन्हा बंद पडली होती, ती ऑक्टोबर २०२२ मध्ये चालू झाली. त्या दिवाळीत मी लॅपटॉप घेऊन अण्णांकडे गेलो. वय झालेलं, एका डोळ्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मी नकाशा उघडला आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "हा उंचवटा बरोबर आहे," म्हणाले. "पण हे शेत असं सपाट नव्हतं."

"शेतं सपाटच होती, अण्णा."

"नव्हती. चढ शेतापासूनच सुरू व्हायचा. बारीक होता. गाडी ओढणाऱ्या इंजिनाला कळेल एवढाच." त्यांनी बोटाने पडद्यावर रेघ ओढली, घराच्या गोलापासून बांधापर्यंत. "म्हणून तर तुझे भालेवाले तिथं टिकायचे. समोरचा खालून यायचा."

मी शेताखालची जमीन एक पायरी उचलली, बांधापासून घरापर्यंत. मग त्यांनी सांगितलं तशी आणखी एक, घराच्या मागच्या बाजूने.